डॉ. द्वारकानाथ कोटणीस: सर्जनच्या कामातला धोका समजून घेताना

मी पेण तालुक्यातल्या जोहे गावात जनरल प्रॅक्टिस करतो. आमच्याकडे घरोघर गणपतीचे कारखाने आहेत. हंगाम चालू असताना कुणी आजारी पडत नाही, म्हणजे पडतात, पण सांगत नाहीत. कंबरदुखी, खोकला, हर्निया, सगळं बाप्पा मार्गी लागेपर्यंत दाबून ठेवलेलं असतं. विसर्जन झालं की दवाखान्यात रांग लागते.

अशाच एका मूर्तिकार काकांचं हर्नियाचं ऑपरेशन गणपतीनंतर ठरलं होतं. आदल्या दिवशी सर्जनचा निरोप आला की ऑपरेशन आठवडाभर पुढे ढकलत आहोत. कारण विचारल्यावर कळलं, सर्जनच्या बोटाला जखम झाली होती आणि ती चिघळली होती. काकांचा मुलगा फाइल घेऊन माझ्याकडे आला. तो चिडला होता. गाडी ठरली होती, पैशांची जुळवाजुळव झाली होती, बहीण माहेरी येऊन राहिली होती. एवढ्याशा बोटासाठी ऑपरेशन रद्द करतात का, दुसरा डॉक्टर बघू का, असं तो विचारत होता.

काकांचा हर्निया अडकलेला नव्हता, दुखत नव्हता, झोपल्यावर आत जात होता. आठवडा थांबण्यात धोका नव्हता. सर्जनने घेतलेला निर्णय योग्यच होता. पण हे नुसतं सांगून त्याला पटेना. तेव्हा मी त्याला आपल्या सोलापूरच्या एका सर्जनची गोष्ट सांगितली. तीच इथे थोडी सविस्तर लिहितो आहे, कारण ऑपरेशनला जाणाऱ्या प्रत्येक घराला ती उपयोगी पडेल असं मला वाटतं.

सोलापूर ते मुंबई

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. घरात भावंडं बरीच, मिळकत बेताची. त्यांनी मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधून वैद्यकीय शिक्षण घेतलं. हे कॉलेज परळच्या के.ई.एम. हॉस्पिटलला जोडलेलं आहे. आपल्या भागातले कितीतरी रुग्ण आजही मोठ्या आजारासाठी तिथेच जातात.

डॉक्टर झाल्यावर पुढचं शिक्षण घ्यावं, मग सोलापुरात किंवा मुंबईत जम बसवावा, हा सरळ रस्ता त्यांच्यासमोर होता. त्याच वेळी चीन आणि जपान यांच्यात युद्ध पेटलं होतं. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. जखमी सैनिकांची संख्या प्रचंड आणि शिकलेले सर्जन मोजके, अशी तिथली अवस्था होती. चिनी सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी लोकांना आवाहन केलं, निधी जमवला आणि पाच डॉक्टरांचं पथक उभं राहिलं.

पथकाचे प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदन अटल. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बिजय कुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी, आणि सोलापूरचे २७ वर्षांचे डॉ. कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्ये हे पथक मुंबईहून बोटीने निघालं. फेब्रुवारी १९३९ मध्ये ते उत्तर चीनमधल्या येनान इथे पोहोचलं. या प्रवासातच कोटणीसांना सोलापूरहून वडील गेल्याची बातमी मिळाली. ते परतले नाहीत, कामावरच राहिले.

पुढच्या काळात पथकातले चौघे एकेक करून भारतात परतले. कोटणीस मात्र परत आले नाहीत.

ज्या सर्जनच्या नावाचं हॉस्पिटल त्यांनी सांभाळलं

कोटणीस जिथे काम करायला गेले, त्या डोंगराळ भागात त्यांच्या आधी एक कॅनेडियन सर्जन काम करत होते, डॉ. नॉर्मन बेथ्यून. त्यांना तरुणपणी क्षयरोग झाला होता. त्यातून बरे होऊन ते छातीचे सर्जन झाले आणि १९३८ मध्ये चीनला आले.

ऑक्टोबर १९३९ च्या शेवटी ऑपरेशन करत असताना त्यांचं बोट कापलं गेलं. हातात मोजे नव्हते. त्याच हातांनी त्यांनी पुढेही ऑपरेशनं केली. त्यात गंभीर जंतुसंसर्ग झालेला एक जखमी होता. त्या जखमेतले जंतू बोटाच्या चिरेतून आत शिरले आणि संसर्ग रक्तात पसरला. १२ नोव्हेंबर १९३९ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी बेथ्यून गेले. पेनिसिलिन तेव्हा रुग्णांपर्यंत पोहोचलेलं नव्हतं.

बेथ्यून यांच्या स्मरणार्थ त्या भागातल्या हॉस्पिटलला त्यांचं नाव देण्यात आलं. जानेवारी १९४१ मध्ये त्या बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता हॉस्पिटलचे पहिले संचालक म्हणून नेमणूक झाली ती कोटणीसांची. म्हणजे एका सर्जनला त्याच्या कामानेच कसं नेलं, हे कोटणीसांना रोज हॉस्पिटलच्या नावातच दिसत होतं.

काकांच्या मुलाला मी इथेच थांबवलं आणि बोटाची गोष्ट समजावली. सर्जनच्या बोटावर चिघळलेली जखम असेल तर धोका दोन्ही बाजूंनी असतो. त्या जखमेतले जंतू रुग्णाच्या पोटात जाऊ शकतात. हर्नियाला आपण जाळी बसवतो. जाळीला एकदा जंतू लागले की ती काढावी लागू शकते. उलट रुग्णाच्या रक्तातून काही आजार सर्जनच्या उघड्या जखमेतून त्याच्या शरीरात जाऊ शकतात. हातमोजे असतातच, पण मोज्याला ऑपरेशनच्या दरम्यान बारीक भोक पडणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, आणि बऱ्याचदा ते लक्षातही येत नाही. त्यामुळे ऑपरेशन तातडीचं नसेल तर थांबणंच शहाणपणाचं.

सलग ७२ तास

१९४० मध्ये उत्तर चीनमध्ये मोठी लढाई झाली. जखमींची रीघ लागली. कोटणीसांनी त्या काळात ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले. एका टप्प्यावर तर ते झोप न घेता सलग ७२ तास ऑपरेशनं करत राहिले. औषधांचा कायम तुटवडा असे. हॉस्पिटल खेड्यातल्या घरांमधून चालायचं. शत्रू जवळ आला की सगळं उचलून डोंगरात दुसरीकडे जायचं. उत्तर चीनचा हिवाळा आपल्याला कल्पनाही करता येणार नाही इतका कडक असतो.

या सगळ्यात ते चिनी भाषा शिकले, तिथल्या मुलांना वैद्यकशास्त्र शिकवू लागले आणि शस्त्रक्रियेवर पाठ्यपुस्तकही लिहायला घेतलं. चिनी लोक त्यांना के दिहुआ म्हणत. बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात त्यांची ओळख गुओ चिंगलान यांच्याशी झाली. त्या परिचारिकांना शिकवत असत. १९४१ च्या अखेरीस दोघांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ ठेवलं. यातलं यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन.

७२ तासांच्या त्या कामाबद्दल आपण आदराने बोलतो, आणि बोलायलाच हवं. युद्धात दुसरा इलाज नव्हता. पण डॉक्टर म्हणून मला त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं लक्ष आणि हाताची चपळाई, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी मंदावते, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठी कायद्याने घातलेली मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे रात्रभर जागलेला सर्जन दारूच्या थेंबालाही शिवलेला नसला तरी त्याचा मेंदू मर्यादेपलीकडे गेलेला असतो. अशा वेळी सुई स्वतःच्या बोटात घुसण्याची शक्यता वाढते आणि चुकीची शक्यताही वाढते.

फिट्स आणि अखेर

याच वर्षांत कोटणीसांना फिट्स येऊ लागल्या. फिट, म्हणजे अपस्मार किंवा आकडी, हा मेंदूचा आजार आहे. मेंदूतल्या पेशी एकमेकींना विजेच्या बारीक संदेशांनी बोलत असतात. त्या संदेशांचा अचानक भडका उडाला की फिट येते. याची कारणं अनेक असतात: डोक्याला जुना मार, मेंदूतला संसर्ग, मेंदूत शिरलेल्या जंताच्या गाठी, जन्मतःचा दोष. काहींमध्ये कारण सापडतही नाही. कारण कोणतंही असलं तरी ज्याला फिट्सचा त्रास आहे त्याला अपुरी झोप, उपासमार, ताप आणि अतिश्रम यांनी फिट येण्याची शक्यता वाढते. कोटणीसांच्या रोजच्या जगण्यात यातलं बरंच काही होतं.

फिट्सवरची औषधं तेव्हा नव्हती असं नाही. फिनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात होतं आणि फेनिटोइन १९३८ मध्ये आलं होतं. पण वेढ्यात सापडलेल्या डोंगराळ भागात साध्या मलमपट्टीची चणचण, तिथे अशी औषधं नियमित मिळणं कठीण. सहकाऱ्यांनी त्यांना काम सोडून विश्रांतीसाठी आणि उपचारासाठी मागे जायला सांगितलं. ते गेले नाहीत. हॉस्पिटल, विद्यार्थी आणि लिहायला घेतलेलं पुस्तक त्यांना सोडवत नव्हतं.

डिसेंबर १९४२ मध्ये त्यांना एकामागून एक फिट्स आल्या आणि ९ डिसेंबरला त्यांचा मृत्यू झाला. वय ३२. मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता.

आज शीजियाच्वांग शहरातल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत बेथ्यून आणि कोटणीस दोघांच्याही समाध्या आहेत. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. सोलापुरात त्यांचं स्मारक आहे. यिनहुआही वैद्यकीय शिक्षण घेत होता, पण तोही ऐन पंचविशीत गेला. गुओ चिंगलान २०१२ पर्यंत होत्या. भारतातल्या सासरशी त्यांनी नातं अखेरपर्यंत जपलं.

हा धोका मोजायचा कसा

कोटणीस आणि बेथ्यून युद्धात होते. आजचा सर्जन स्वच्छ, वातानुकूलित ऑपरेशन थिएटरमध्ये असतो. तरी धोक्याचे प्रकार फारसे बदललेले नाहीत: टोचणं-कापणं, जागरण, तासन्‌तास मान वाकवून उभं राहणं, एक्स-रेचे किरण, ऊती जाळताना निघणारा धूर, आणि मनावरचा ताण.

धोका मोजताना आम्ही दोन गोष्टी पाहतो. ती घटना किती वेळा घडू शकते आणि घडली तर नुकसान किती. सुई टोचण्याचंच उदाहरण घ्या. एचआयव्ही असलेल्या रुग्णाच्या रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. हिपॅटायटिस बी असेल आणि सर्जनने लस घेतलेली नसेल, तर हीच शक्यता शंभरात ३० पर्यंत जाऊ शकते. लोक एचआयव्हीला जास्त घाबरतात, पण आकडे पाहिले की हिपॅटायटिस बीची लस का आधी घ्यायची ते कळतं. लशीचे तीन डोस असतात: पहिला, एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा.

धोका कमी करण्याचीही एक क्रमवारी आहे. सर्वांत चांगलं म्हणजे धोकाच काढून टाकणं. उदाहरणार्थ, जिथे चालेल तिथे बोथट टोकाची सुई वापरणं. त्यानंतर कामाची पद्धत बदलणं: धारदार हत्यार हातातून हातात न देता मध्ये ट्रेमध्ये ठेवणं. मग नियम: ड्यूटीचे तास, विश्रांती, टोचल्यावर लगेच कळवणं. आणि सर्वांत शेवटी अंगावरचं संरक्षण: दोन मोजे, चष्मा, एप्रन. नुसते मोजे घातले की झालं, असं नसतं.

कळवण्याबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगतो. इंटर्नशिपमध्ये रात्री दोन वाजता टाके घालताना मला सुई टोचली. सिनिअर ओरडतील म्हणून मी कुणालाच सांगितलं नाही. हात धुतला आणि पुढचा रुग्ण घेतला. नंतरचे तीन महिने मी रोज घाबरत काढले. सुदैवाने तपासण्या स्वच्छ निघाल्या. पण एचआयव्ही टाळण्याची औषधं शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, मग २८ दिवस घ्यावी लागतात. ती संधी मी भीतीपोटी घालवली होती. आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो.

रुग्ण आणि नातेवाईक काय करू शकतात

* ऑपरेशनआधी खरी माहिती द्या. कावीळ, हिपॅटायटिस बी किंवा सी, एचआयव्ही, क्षयरोग, काहीही असेल तर लपवू नका. एचआयव्हीची चाचणी तुमच्या संमतीने होते आणि अहवाल गोपनीय ठेवावा लागतो. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं २०१७ च्या कायद्याने बेकायदा आहे. माहिती असली की टीम जास्त काळजी घेते, एवढंच.

* तारीख पुढे गेली तर कारण विचारा, पण लगेच रागावू नका. सर्जन आजारी असेल, रात्रभर जागलेला असेल तर नियोजित ऑपरेशन पुढे ढकलणं तुमच्याच भल्याचं असतं. मात्र थांबलं तर चालेल का आणि किती दिवस, हे स्पष्ट विचारा.

* थांबू नये अशी लक्षणं ओळखा. हर्निया अचानक कडक झाला, खूप दुखू लागला, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या तर तारखेची वाट न पाहता लगेच हॉस्पिटल गाठा.

* घरी वापरलेल्या सुया कचऱ्यात मोकळ्या टाकू नका. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात सुया साठवून दवाखान्यात आणून द्याव्यात. टोचण्याचा धोका घंटागाडीवरच्या माणसालाही असतो.

* घरात कुणाला फिट्स येत असतील तर गोळ्या स्वतःहून बंद करू नका आणि जागरण टाळा. फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, मानेभोवतीचे कपडे सैल करा, आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा. तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली तर १०८ ला फोन करा.

शेवटच्या मुद्द्याबद्दल आणखी थोडं. आमच्या गावात हंगामात रात्र-रात्र रंगकाम चालतं. फिट्सच्या गोळ्या चालू असलेली मुलंही जागतात आणि गोळी विसरतात. दरवर्षी त्या महिन्यांत माझ्याकडे असे एक-दोन रुग्ण येतात. त्यांना मी कोटणीसांचं नाव सांगतो. त्यांच्याकडे औषध नव्हतं आणि थांबायची सोय नव्हती. तुमच्याकडे दोन्ही आहे. रात्रीची गोळी घ्यायची आणि अकराला झोपायचं, मूर्ती दुसऱ्या दिवशीही रंगवता येते.

त्या काकांचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात झालं. सर्जनचं बोट तोवर बरं झालं होतं. तिसऱ्या दिवशी काका चालत दवाखान्यात आले. टाके कोरडे होते. तीन महिने जड उचलायचं नाही, असं मी बजावलं. माघी गणपतीच्या ऑर्डरींचं काय, असं त्यांनी विचारलं. रंगकाम करा, पण साचा उचलायला मुलाला सांगा, असं मी म्हणालो. मुलगा मागे उभा होता, त्याने मान डोलावली.

*ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. तुमच्या ऑपरेशनची तारीख, औषधं किंवा फिट्सचे उपचार यांबाबतचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.*